रंगाऱ्यांच्या गल्लीतला रुसलेला माठ

कोल्हापूरच्या महाराजांच्या कारकिर्दीत मी बी.ए. झालो. रंगाऱ्यांच्या आमच्या गल्लीत त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि हे सांगताना मी आजही मान खाली घालत नाही. आमचे आजोबा दुष्काळात विजापूरकडून आले. निळीच्या माठाला पाणी लागतं आणि गूळ लागतो. कोल्हापुरात दोन्ही भरपूर, म्हणून ते इथंच थांबले. घरात दखनी, म्हाताऱ्यांशी कानडी, बाजारात मराठी, असे आम्ही वाढलो.

मी पास झालो त्याच महिन्यात शेजारच्या आळीनं दरबारात अर्ज केला: रंगाऱ्यांचं निळं पाणी आमच्या विहिरीत उतरतं, त्यांना नदीपलीकडं हलवा. चौकशीला पाणीखात्याचे साहेब येणार होते, आणि ते म्हणतील तेच होणार होतं.

"इंग्रजी शिकलास न्हवं? मग दाखव गल्ली फिरवून," वडील म्हणाले.

साहेब सकाळी आले. बोलणं कमी, नजर सारखी गटारावर. मी त्यांना आधी कुंदीवाल्यांकडं नेलं. दोघं भाऊ समोरासमोर बसून घडीच्या लुगड्यावर लाकडी मोगऱ्या हाणत होते. इस्त्री नाही, काही नाही, नुसत्या ठोक्यांनी कापडाला झळाळी येत होती. मग आमच्या अंगणात वडिलांनी माठातून कापड वर काढलं. निघालं हिरवं, आणि वाऱ्यावर धरताच बघता बघता निळं झालं. साहेबांनी चष्मा पुसला.

"पुन्हा दाखवा," म्हणाले.

माझी छाती फुगली. त्याच तोऱ्यात मी त्यांना पुढच्या घरी नेलं. तिथं माझी फुफी, वडिलांची थोरली बहीण, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या माठाशेजारी टाकळ्याचं बी पाखडत होती. माठात घालायला ते लागतं.

"पावणं, कुठलं म्हणायचं?" तिनं विचारलं.

"इथलाच," साहेब म्हणाले.

"मग आलं असंल की कानावर. कळंब्याच्या तळ्यात मगर निघाली. धुणं धुणाऱ्या बाईचं लुगडं ओढून नेलं."

"आणि बाई?"

"बाई वाचली. पर लुगडं न्हाय. बिचारी दिवस मावळंस्तोवर पाण्यातच बसली."

साहेबांचा चेहरा उतरला. शहराच्या नळाला पाणी कळंब्याचं, आणि ते तळं त्यांच्याच खात्याकडं. त्यांनी वही काढली, शिपायाला टांगा वळवायला सांगितलं.

आमच्यात एक रीत आहे. माठ रुसला, रंग धरेना, की गावात एक मोठी थाप सोडायची. लोक ती खरी मानून सांगत सुटले की माठ उठतो. पण आपल्याच माणसानं थाप फोडली, तर माठ मेला. फुफीचा माठ तीन दिवस रुसला होता, आणि तिचं पोट त्या एका माठावर होतं.

गप्प बसलो असतो तर साहेब कळंब्याला गेले असते. तिथं मगर नाही हे कळल्यावर आमच्या पाण्याबद्दल आमचा शब्द त्यांनी मानला असता का?

"साहेब, मगर न्हाय. माठ रुसलाय," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

फुफीनं सूप खाली ठेवलं. "शिकलं आणि घर बुडवलं."

"फुफी, तळं ह्यांच्याच ताब्यात हाय."

"मग नीट राखा म्हणावं. मगर नसंल कशावरनं?"

साहेब हसले नाहीत. "आता या माठाचं काय करणार?"

"पुरायचा," मागं येऊन उभे राहिलेले वडील म्हणाले. "गूळ खाऊन जगलेलं असतंय ते. गटारात वतत न्हाय आमी."

"कुठं पुरता?"

"बघा की संगं येऊन."

गल्लीतली माणसं बोलावल्याशिवाय जमली. बादल्या भरभरून माठ उपसला आणि मागच्या परड्यात, आजोबांच्या पिढीनं खणलेल्या चरात रिचवला. वर राख, वर माती; चर आळीच्या विहिरीच्या उलट उताराला. रोजचं धुवणाचं पाणीही त्याच चरात जातं, तेही साहेबांनी बघितलं. पहिल्या बादलीपासून शेवटच्या बादलीपर्यंत ते बरोबर चालले. परतताना त्यांनी गटारात हात घालून ओंजळ वर धरली. पाणी गढूळ होतं, पण निळं नव्हतं. शेजारच्या आळीची विहीर कशानं निळी झाली ते त्यांनी तिथं जाऊन शोधावं, असं मी स्पष्ट बोललो. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या वहीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: गल्ली हलवण्याचं कारण दिसत नाही.

वडिलांनी आपल्या माठातलं पाणी फुफीला विरजणासारखं दिलं आणि तिचा नवा माठ लागला. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. पुढं मात्र गल्लीत कुणी पाहुणा आला की मला हाक मारून समोर उभं करायची.

"ह्योच तो बी.ए. माझा माठ ह्यानंच मारला," ती सांगायची, आणि पाहुण्याला हाताला धरून परड्यातला चर दाखवायला न्यायची.