स्टिअरिंगची लाल चिंधी

वैशाखरे गावाच्या रस्त्यावरचा तो मेकॅनिक बॉनेट तळहाताने दाबायचा आणि गाडी कशी हलते ते मान तिरकी करून ऐकायचा. माझ्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन रेसच्या ट्रॅकसाठी कडक केलं, की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायचा. "शेट, ही असंपर्यंत टेम्पोवर टाकूनच न्या. रस्त्याला पळवायची नाय, खड्ड्यात उडंल. परत आलात का मऊ करून देतो."

एकदा मी चिंधी सोडून खिशात घातली आणि धाकट्या भावाला माळशेज घाटात फिरवायला नेलं. वळणावरच्या खड्ड्यात गाडी उडाली, कठड्यावर आदळली. भावाचा पाय गेला.

वडिलांनी मला सोबत घेऊन मेकॅनिकला गाठलं. "चिंधी बांधली नव्हतीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातली चिंधी मुठीत दाबली.

"बांधतोच मी... त्या दिशी राहिली असंल," तो पुटपुटला.

त्यानंतर त्याने सस्पेन्शनला हात लावला नाही. आता पंक्चर काढतो. परवा कुणाच्या तरी सायकलच्या हँडलला चिंधी बांधून त्याने मलाच विचारलं, "शेट, बांधली ना मी? बघा बरं."

"बांधलीस," मी म्हणालो.

त्या दिवशीही बांधली होतीस, एवढं मात्र त्याच्यासमोर अजून तोंडातून निघालेलं नाही.