चाळीस रुबाया आणि एक डाग

खळमावशीला खरं नाव होतं, पण ते फक्त दवाखान्याच्या कार्डावर. बाकी सगळ्यांसाठी ती खळमावशी. तीस वर्षं पुस्तकं बांधून बोटांत खळीचा वास इतका मुरला होता, की साबणानेही हात टेकले होते. दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. खिडकीशी टेबल, त्यावर दाभण, सुया, मेणाचा गोळा, आणि कोपऱ्यात बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. सासऱ्यांनी धंदा शिकवताना एकच मंत्र दिला होता, "अक्षर वाचायचं नाही, कागद वाचायचा. अक्षर वाचणारा बाइंडर उपाशी मरतो."

मावशी उपाशी मेली नाही, पण अक्षरं वाचायची, तीही राजरोस. खळ वाळेपर्यंत माणसाने करायचं तरी काय? एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात तिला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं. आत फारसी रुबायांचा, म्हणजे चार-चार ओळींच्या कवितांचा, इंग्रजी अनुवाद. शाळेतलं इंग्रजी आणि एक फाटका शब्दकोश एवढ्या भांडवलावर तिने ते वाचलं आणि मग वाचतच राहिली. सुरुवातीला पहाट होते, मग बाग, ऊन, गप्पा, कुणाची तरी वाट पाहणं, आणि शेवटी रिकामं अंगण आणि भरून येणारा अंधार. एक अख्खा दिवस. दुपारी ऊन टेबलावर सरकत यायचं, शिकंज्यात कुणाची तरी जाडजूड वही दबत असायची, आणि मावशी त्या बागेत जाऊन बसायची. दारात गिऱ्हाईक खाकरलं, की तिला परतायला जरा वेळ लागायचा.

नवरा गेला त्या वर्षी याच पुस्तकाने तिला सावरलं होतं. हे ती कुणाला सांगत नसे. कुणा परक्याने एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत नेलेल्या ओळींनी मला दोन घास खायला लावले, असं सांगितलं असतं तर लोक हसले असते.

एका सकाळी भूगोलाचे सर आले. निवृत्त, उंच, शर्टाचं वरचं बटण कायम चुकीच्या काजात. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायको वारली होती. त्यांनी पिशवीतून सुट्या पानांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. चाळीस पानं, प्रत्येकावर सुंदर वळणाची एक फारसी रुबाई, आणि खाली पेन्सिलीने इंग्रजी.

"हिची वही," सर म्हणाले. "फारसी तिला तिच्या वडिलांनी शिकवली. इंग्रजी कुठल्याशा छापील पुस्तकातून माझ्यासाठी उतरवून घेतलं. दोरा कुजला होता, कपाटातून पडली आणि पानं घरभर झाली. तिच्या क्रमाने बांधून द्या."

"पानांवर आकडे नाहीत, सर."

"तिला पाठ होतं सगळं. आकडे मला लागतात." सरांनी गठ्ठ्याच्या कडा हाताने सारख्या केल्या. "ती रोज झोपताना पहिल्यापासून वाचायची आणि मी रोज अर्ध्यात घोरायचो. जगातल्या सगळ्या नद्या कुठे संपतात ते मी सांगेन, पण ही वही कुठे संपते ते मला माहीत नाही. तेवढं एकदा कळायला हवं."

मावशीने पेन्सिलीच्या ओळी पाहिल्या आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. तिच्याच पुस्तकातल्या ओळी! आंधळा मागतो एक डोळा, इथे तर देवाने क्रमही तोंडपाठ करून ठेवला होता. तिने भराभर पानं लावली. पहाट वर, रिकामं अंगण तळाशी. समासात सरांच्या बायकोने जागोजागी अनुवादकाचे कान उपटले होते: 'असं नाही म्हटलंय', 'हा याच्या पदरचा गोडवा'. मावशीला ते जरा लागलंच, घरच्या माणसाला कुणी बोलावं तसं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'या सगळ्या सुट्या होत्या. दिवस याने रचला.' मावशीने तेही वाचलं आणि पुढे गेली. दाभणाने भोकं पाडली, मेणाचा दोरा ओढला, निळं कापडी कव्हर चढवलं.

आठवड्याने सर परत आले. कव्हराचा एक कोपरा सुटला आहे म्हणाले, पण कोपऱ्यासाठी माणूस असा खचत नाही. ते स्टुलावर बसले.

"शेवट कळला," ते म्हणाले. "अंगण रिकामं, अंधार, कुणी उरलं नाही. इतकी हसरी बाई, आणि रोज हे वाचून झोपायची. मी शेजारी असून तिला एकटीला एवढं..."

मावशीने खाली मान घालून कोपऱ्याला खळ लावली आणि सवयीने वहीची पानं अंगठ्याखालून सोडली. खालच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग होता. एका पानावर तिळाएवढा, पुढच्यावर तळहाताएवढा, पुढे पुन्हा बोराएवढा. डाग उड्या मारत होता, आणि डाग कधी उड्या मारत नाही. हे पहिल्या दिवशी नवशिक्यालाही दिसलं असतं.

"सर, यावर काय सांडलं होतं?"

"चहा. माझाच हात लागला. वही मिटून टेबलावर होती, चहा खालून शिरला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

"शेवटचं पान खाली होतं?"

"हो. का?"

मावशीने वही मिटली. खोटं बोलावंसं तिला वाटलं, नाही असं नाही. मग म्हणाली, "सर, चुकलं माझं. हा शेवट तिचा नाही. माझ्याकडे एक पुस्तक आहे, मी त्याच्या क्रमाने बांधली. कागद वाचायचा सोडून अक्षर वाचत बसले."

मावशीने सरांसमोरच दोरा कापला. दोघं मिळून डागांवरून पानं लावत बसले, लहान डागापासून मोठ्यापर्यंत. रिकामं अंगण सतरावं निघालं, अगदी अधेमधे. मावशीचा अख्खा दिवस मोडून पडत होता आणि तिला वाईटही वाटत होतं. पण हात थांबले नाहीत.

सगळ्यात मोठा डाग होता तो पहाटेच्या पानावर. तिच्या पुस्तकात जे पहिलं, ते सरांच्या बायकोने सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. अनुवादकाची पूर्ण ओळ खोडून तिने खाली स्वतःची लिहिली होती, तीही मराठीत. सरांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं.

"दिवा विझव, उजाडलं."

खोलीत ऊन आलं होतं. सरांनी ते पान कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं.

"रोज सकाळी मला हेच म्हणून उठवायची," ते म्हणाले. "आणि मला वाटायचं, विजेची काटकसर."