नावाडी प्यायलेला नव्हता

भावसिंग राठोडला एका जागी बसवत नसे. तांड्यावरचा पहिला बारावी पास, आणि हिंगोलीच्या एका लहानशा दैनिकाचा वार्ताहर. तांडा धरणाच्या फुगवट्यापलीकडे. बातमी असो वा नसो, तो रोज नावेनं अलीकडे यायचा, आणि काही लिहिलं असलं तर फाट्यावर एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचा.

२००१ची दिवाळी नुकतीच झाली होती. साखरा गावच्या बाजाराला निघालेली बायामाणसं घेऊन नाव येत होती. भावसिंग आधीच अलीकडच्या काठावर येऊन उभा होता. त्याला वाटलं, बाया हसून राहिल्या. मग कळलं, त्या ओरडत होत्या. नाव एका अंगाला कलली आणि पालथी झाली.

त्यानं कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली. मेंढ्यांना पाणी पाजायला आलेला प्रभूही धावला. हाताला लागतील तशी माणसं दोघांनी काठावर ओढली. तांड्यावरची जमनाबाई आणि तिची सून मात्र सापडेनात.

सगळ्यात शेवटी त्यांनी नावाडी सटवाजीला काढलं. तो स्वतः काठावर न येता बुडणाऱ्यांकडेच फिरून फिरून जात होता. बाहेर काढला तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. भावसिंगनं तोंडाला तोंड लावून हवा फुंकली, पुन्हा फुंकली. सटवाजी खोकला.

"तळाची फळी गेली, भाऊ," तो कसाबसा म्हणाला. "नावेच्या ठेकेदाराला किती बार सांगितलं व्हतं म्या, लाकूड सडलंय म्हनून."

तोवर एसटी निघून गेली होती. दोघींची प्रेतं मिळेपर्यंत भावसिंग ओल्या अंगानं काठाकाठानं फिरत राहिला. बातमी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर त्यानं आपलंच दैनिक उघडलं. पहिल्याच पानावर होतं, 'मद्यधुंद नावाड्यामुळे नाव उलटली'. ठेकेदारानं तालुक्याच्या पोलिसांना जे सांगितलं तेच छापलं होतं. सटवाजीला पोलीस घेऊन गेले होते.

भावसिंग चहा टाकून तसाच हिंगोलीला गेला.

"तू काही पाठवलंच नाहीस," संपादक म्हणाले. "आलं ते लावलं."

"मी माणसं काढून राहिलो होतो, साहेब."

"बरं. पण तो प्यायलेला नव्हता, हे कशावरून?"

"माझं तोंड त्याच्या तोंडावर होतं. वास आला नसता का?"

संपादक म्हणाले, "आतल्या पानावर खुलासा घेऊ."

"दारू पहिल्या पानावर अन् खुलासा आत? काहून?"

कुणी खुर्ची दिली, तरी तो टेबलाभोवती येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी संपादकांनी कोरे कागद पुढे सरकवले. "लिही. पण तुझ्या नावानं जाईल. ठेकेदारानं केस केली तर कोर्टात यावं लागेल."

"येईन."

बातमी पहिल्या पानावर आली. प्रभूनं पोलिसांना पाण्यातली सडकी फळी काढून दाखवली. सटवाजी सुटला. पण त्याच बातमीमुळे तहसील कचेरीनं तिथली नावच बंद केली आणि तांड्याला बाजारासाठी लांबचा फेरा पडू लागला.

"बाया मला बोलून राहिल्या," भावसिंगची बायको पारुबाई चिडून म्हणाली. "नाव बंद कराया कुनी सांगितलं व्हतं?"

"अजून मानसं बुडू द्यायची व्हती का?"

"तसं न्हाई. पन नवी नाव मागायची ना!"

ते त्याला लागलं. मग तो नव्या नावेसाठी लिहीत सुटला. संपादक कंटाळले, तहसील कचेरीतला शिपाई त्याला पाहून तोंड फिरवू लागला. दोन पावसाळ्यांनी लोखंडी नाव आली.

त्यानंतर वसमतच्या बसस्थानकावर त्याला सटवाजी भेटला. तो साखर कारखान्यात मजुरी करत होता.

"चला की गावाकडं," भावसिंग म्हणाला. "नव्या नावेला नावाडी पायजे."

"तिथं अजून मला पेताड म्हनतेत. तुमी लिवलं बराबर, भाऊ. पन लोकायनं पैलं वाचलं, अन् दुसरं वाचाया कोनी थांबलं न्हाई."

"मग अजून एकदा लिहितो."

"नका," सटवाजी घाईनं म्हणाला. "माझं पोरगं आता वाचाया शिकून राहिलं. दारूचं त्याच्या नजरेला पडाया नको."

तो कारखान्याच्या रस्त्याला लागला. भावसिंग थोडं अंतर त्याच्या मागं गेला, मग मधेच थांबला. हाक न मारताच तो वळला आणि गावाकडच्या एसटीत जाऊन बसला.