न आलेल्या जीपचा तपास

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यात आधी कानावर येतो तो आमच्या ठाणे अंमलदाराचा प्रश्न : "बाई, पण यात गुन्हा काय?"

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी जामखेडला फौजदार होतो. खर्ड्याकडच्या एका वाडीतून पस्तिशीची एक बाई पोलीस पाटलांना सोबत घेऊन पायी ठाण्यात आली होती. तिचे म्हणणे असे, की भाद्रपदात कॅन्सरवाल्यांची जीप वाडीत आली. डॉक्टरीणबाईंनी मिशरी लावणाऱ्या बायांची तोंडे तपासली. हिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. त्यातला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून त्यांनी बाटलीत घातला, आणि दिवाळी झाली की उत्तर घेऊन येते, असे सांगून त्या गेल्या. आता माघ संपत आला होता. जीप काही फिरकली नव्हती.

अंमलदार हसला नाही, एवढे त्याचे उपकार. त्याने स्टेशन डायरीत दोन ओळी खरडून प्रकरण अदखलपात्र ठरवले. मी आतून ऐकत होतो. बाईला आत बोलावले आणि सहज विचारले, तुमचे मालक का नाही आले? ती खाली बघून म्हणाली, "त्ये संगमनेरकडं गेल्यात, ऊसतोडीला. मी न्हाई गेले. म्हनलं, डॉक्टरीनबाई आल्या आन् मीच घावले न्हाई तर?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते. लग्न झाल्यापासून या दोघांचा प्रत्येक हिवाळा उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या खोपीत एकत्र गेलेला. यंदा तो धाकट्या भावाला घेऊन गेला आणि ही रस्त्याकडे डोळे लावून मागे राहिली. पाटील मला कारखान्याच्या मुकादमाविषयी काहीतरी सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली, "तिकडं थंडी लई आसती. त्येंची वाकळ हितंच ऱ्हायली."

माझी बायकोही तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी, संगमनेरलाच होती. क्वार्टरमध्ये एकट्यापुरता भात टाकताना मला रोज घर खायला उठे. म्हणून असेल, पण त्या वाकळेचे ऐकल्यावर मला डायरीतल्या दोन ओळींवर थांबवेना.

ती जीप कॅन्सरवरच्या संशोधनाच्या योजनेची; योजना सरकारी अनुदानावर चालायची. बाहेरगावची एक संस्था ती राबवत होती आणि तिचे केंद्र जामखेडात भाड्याच्या जागेत होते. तिथला व्यवस्थापक शिकलेला, इस्त्रीच्या बुशशर्टातला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. त्याने चहा मागवला. काम जोरात चालू आहे म्हणाला. पौषात त्या वाडीची दुसरी तपासणी झाली, सगळ्या बाया पुन्हा पाहिल्या, जीपचा आणि माणसांचा खर्च सरकारला कळवला. त्या बाईचे काय, असे विचारले तर, "तीही पाहिली. ठणठणीत आहे," म्हणाला. सही-शिक्क्यांचे कागद समोर ठेवले. एका अडाणी बाईच्या शब्दापुढे ते कागद वजनदार होते, हे मला नाकारता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. घराघराच्या दाराला बाभळीची काटी लावलेली. पाराजवळ दोन म्हातारे आणि चार शेळ्या. म्हातारे सांगू लागले, दिवाळी झाली की धडधाकट माणूस इथे राहत नाही, ते चैत्रातच परत दिसते. दरसालचा हा रिवाज. तालुक्यातल्या पोरासोरांना तो ठाऊक होता, पण शहरातून आलेल्या व्यवस्थापकाला नव्हता. भाद्रपदातलीच नावे त्याने पौषात पुन्हा उतरवली होती.

त्याला ठाण्यात बोलावले. चौकशीत आवाज चढवण्याची मला सवय नव्हती. खोटे बोलणाऱ्याला पोटभर बोलू द्यावे, असा माझा अनुभव आहे. मी एवढेच विचारले, पौषात तुम्ही स्वतः गेला होतात ना? मग बाया काय करत होत्या? गृहस्थ खुलले. बाया भाकरी थापत होत्या, पोरे अंगणात खेळत होती, एकीने तर ताक दिले, असे सगळे रंगवून सांगितले. मी ते जबाबात उतरवून घेतले, वाचून दाखवले आणि मग म्हणालो, "पौषात त्या वाडीत भाकरी थापायला बाई नसते. सगळे ऊसतोडीला जातात. यंदा एकच मागे राहिली होती, आणि ती तुमच्या जीपची वाट बघत होती."

त्याची पाचावर धारण बसली. पाणी मागितले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. दसऱ्यालाच अनुदान बंद झाल्याचे सांगून त्याने डॉक्टरीणबाईंना परत पाठवले होते आणि सरकारला मात्र काम चालू असल्याचे कळवत राहिला. पैसा त्याच्या नगरच्या बंगल्यात मुरला होता. कुंपणानेच शेत खाल्ले होते. मी विचारले, आणि त्या बाटल्या? तो म्हणाला, "कपाटात आहेत."

पंचांसमोर कपाट उघडले. नावाच्या पट्ट्या लावलेल्या बाटल्या तशाच उभ्या होत्या. तपासणीला एकही गेली नव्हती. त्यातली एक तिची होती.

सगळ्या बाटल्या त्याच दिवशी माणूस देऊन पुण्याला धाडल्या. तिच्या बाटलीचे उत्तर आले ते नको तेच आले. सांगायला मी स्वतः गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग आता जाऊ का मी संगमनेरला? आता कुनाची वाट बघायची न्हाई ना?"

मी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतले आणि दोघांना मुंबईच्या इस्पितळात पाठवले. दिवाळीत आली असती तर काहीतरी करता आले असते, असे तिथले डॉक्टर म्हणाले. आषाढात ती गेली.

खटला उभा राहिला. अपहार आणि बनावट दस्तऐवज, दोन्ही शाबीत झाले, शिक्षा लागली, रक्कमही वसूल झाली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात तिचा नवरा माझ्याजवळ आला. मला वाटले, शिक्षा कमी झाली म्हणून तक्रार करील. तो म्हणाला, "साहेब, जीप येनार न्हाई, येवढं जरी कुनी सांगितलं आसतं, तरी ती माज्यासंगं आली आसती. शेवटचा हिवाळा तरी एका खोपीत काढला आसता."

माझी बायको जाऊनही आता बरीच वर्षे झाली, आणि हिवाळा आला की त्या माणसाचे बोलणे मला पूर्वीपेक्षा जास्त कळते.

सरकारी पैशाची पुढे मी अनेक प्रकरणे तपासली. पैसा कुठे गेला, हे हिशेबतपासनीस विचारतातच. त्या बाईमुळे मी आधी दुसरेच विचारायला शिकलो : या पैशाची वाट कोण पाहत होते?