मुकी उडी

माझ्या गळ्यात सूर नाही. हे मी लहानपणीच मान्य करून टाकलं होतं, कारण शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगत. असं असूनही नव्वदच्या दशकात मी बालवाडी सुरू केली आणि ती सगळी गाण्यांवर आणि उड्यांवर चालवली. हा विनोद माझ्या नवऱ्याला पुढे कितीतरी वर्षं पुरला. आम्ही नाशिक रोडच्या एका कॉलनीत राहत होतो. तो सकाळी ड्युटीला गेला की मी सायकल काढून मळ्यांच्या वस्तीवर जायचे. डांबरी रस्ता संपला की कोथिंबिरीचा वास सुरू व्हायचा आणि पोरं सायकलीमागे पळायला लागायची.

बालवाडीच्या कोर्समध्ये आम्हाला पेटीवर गाणी शिकवली होती. पेटी मला परवडणारी नव्हती आणि झेपणारीही नव्हती. मी घरून तेलाचा रिकामा डबा आणि एक जुनं लाटणं नेलं. लहान मुलांना सुराशी फारसं देणंघेणं नसतं, त्यांना ठोका हवा असतो. संथ ठोका पडला की सगळी हत्तीसारखी चालायची, जलद पडला की चिमण्यांसारखी टुणटुण. ठोका थांबला की जागच्या जागी थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. जे मूल थांबायला शिकलं, त्याची पाटीवरची रेघही पुढे जागेवर थांबायला लागते, हे मी स्वतः पाहिलं आहे. आकडे शिकवायला मी जमिनीवर गेरूने दहा चौकोन आखले होते. ठोक्याला एक उडी आणि उडीबरोबर आकडा. पाच म्हणजे किती हे एकदा पायांना कळलं की डोक्याला कळायला वेळ लागत नाही.

पण हे आईबापांना कसं पटवणार? त्यांना पाटीवर अक्षर दिसायला हवं होतं. पोरं नुसती नाचतात, असं वस्तीवर सर्रास बोललं जायचं.

आमची बालवाडी भरायची ती पत्र्याची शेड एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणायचे. सकाळी शेड माझी आणि दुपार कलली की त्यांची. मळ्यातून कोथिंबीर आणि मेथी यायची, बायका जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळी टेम्पो मार्केटकडे निघायचा. जुड्या शेकड्यावर विकल्या जात, म्हणून टेम्पोत चढवताना त्या मोजून चढवायच्या, आणि हे मोजणं बाबा दुसऱ्या कोणाला करू देत नसत. माझ्या बालवाडीला ते उड्यांची शाळा म्हणत. मी आले की विचारायचे, ''काय बाई, आज किती उंच नेलं पोरांना?'' मला राग यायचा, पण शेड त्यांची होती. त्याआधी आम्ही देवळाच्या मंडपात बसत होतो आणि डब्याच्या आवाजाला कंटाळून लोकांनी आम्हाला तिथून काढलं होतं. वस्तीवर तिसरं छप्पर नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात माझी एका शब्दाशी गाठ पडली. उड्या मारताना निम्मी पोरं ''लाभ, दोन, तीन'' असं मोजायची. त्यांच्या घरी माल मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं तर माल एकटाच राहतो आणि लाभ म्हटलं की वाढत जातो, अशी समजूत. घरी म्हणा बापडे, पण पुढे पहिलीत गेल्यावर हेच म्हणाली तर वर्ग हसेल, असं मला वाटलं. ''इथं लाभ नाही. इथं एक,'' असं मी ठणकावून सांगितलं. थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळी पोरं बिनचूक एक म्हणायला लागली आणि तो विषय मी डोक्यातून काढून टाकला.

त्या पोरांमध्ये बाबांची नात होती. चार वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. संध्याकाळी बाबा मोजायला लागले की त्यांच्या धोतराला धरून उभी राहायची. तिचा पाय ठोक्यावर इतका चोख पडायचा की मी चुकले तरी ती चुकायची नाही. फक्त एक खोड होती. पहिल्या चौकोनात उडी मारताना ती तोंड मिटून घ्यायची आणि दुसऱ्या चौकोनापासून मोठ्यानं सुरू करायची, ''दोन, तीन, चार.'' मला वाटलं, लाजते. मग वाटलं, मागे पडते. तिला रांगेत पहिली उभी केली, शेवटची उभी केली, हात धरून बरोबर उडी मारली, पण काही उपयोग झाला नाही. उलट पहिली उडी ती सगळ्यांत उंच मारायची, आणि ओठ असे दाबून की जणू आत गोळी लपवली आहे.

दसरा झाला आणि बाबांनी मला थांबवून सांगितलं, ''बाई, दिवाळीनंतर खताच्या गोण्या येणार हायेत. शेड लागंल.''

मी म्हटलं, ''आणि पोरं?''

''पोरं शिकत असती तर गोण्या बाहेर ठेवल्या असत्या. आमच्या पोरीला धापर्यंत मोजता आलं तर बोला. नाहीतर तिनं बांधावर उड्या मारल्या काय आन हितं मारल्या काय, सारखंच.''

मी घरी आले आणि भांडी आदळत स्वयंपाक केला. त्यांना बाकीची पोरं दिसत नव्हती. एवढ्या मोठ्या गोतावळ्यातून त्यांनी नेमकी तीच पोरगी निवडावी, जिला एक म्हणताच येत नव्हतं. पुढचे सगळे दिवस मी तिच्या मागे लागले. ''म्हण एक.'' ती माझ्याकडे मोठे डोळे करून बघायची आणि गप्प राहायची. तिची आई भली बाई होती. रोज पोरीला न्यायला आली की विचारायची, ''येतं का हो तिला?'' आणि मी येईल म्हणायचे, मनातून मात्र धास्तावलेली असायचे.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी मी डबा विसरले म्हणून परत शेडवर गेले. जुड्या बांधून झाल्या होत्या, टेम्पो मागे लावलेला होता आणि ड्रायव्हर त्याच्या मागच्या फाळक्याला टेकून उभा होता. मला बघताच बाबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी नातीला हाक मारली. तिच्यासमोर दहा जुड्या ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, ''मोज बरं. बाईंनी काय शिकवलंय बघू दे समद्यांना.''

ती खाली बसली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि मान खाली घातली. बायकांचे हात थांबले. तिची आई पदर चाचपत राहिली. मला त्या क्षणी त्या लेकराचा रागच आला, खरं सांगते. डोळ्यांसमोर शेडभर खताच्या गोण्या दिसायला लागल्या.

''बघा बाई,'' बाबा म्हणाले.

''तिला बसून नाही येणार,'' मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं. ''माझ्या पोरांना उभं राहून येतं.'' मी कोपऱ्यातला डबा उचलला, तिला हाताला धरून उभं केलं आणि ठोका धरला.

पहिल्या ठोक्याला तिनं तोंड मिटून उंच उडी मारली आणि पहिल्या जुडीपाशी उतरली. मग सुरू झाली. ''दोन, तीन, चार.'' प्रत्येक जुडीपाशी एक उडी, प्रत्येक उडीला खणखणीत आकडा, थेट दहापर्यंत. दहाव्या जुडीवर ठोका थांबला आणि ती जागच्या जागी थांबली.

''धा बरोबर हाय, पण पहिली जुडी कुठं गेली?'' ड्रायव्हर म्हणाला आणि बायका हसल्या.

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं. ''पहिला कुठंय गं?''

''मारली ना उडी,'' ती म्हणाली.

''तोंडानं का नाय म्हणली?''

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. ''बाई लाभ म्हणू देत नाय.'' मग तेच बोट बाबांच्या छातीवर टेकवलं. ''तू एक म्हणू देत नाय.''

मला हसू फुटत होतं. इतके महिने मी जिला लाजरी आणि मागे पडलेली समजत होते, तिनं आम्हा दोघा शहाण्यांच्या भांडणातून स्वतःपुरती वाट काढली होती. पहिला आकडा तिनं जिभेवरून काढून पायात ठेवून दिला होता, जिथं त्याला कोणी रागवणार नव्हतं. मोजायला ती केव्हाच शिकली होती. मी बाबांकडे बघितलं. ते जुड्यांकडे बघत होते.

''चला, उशीर होतोय,'' ड्रायव्हर म्हणाला.

बाबा उठले. मोजायला उभे राहिले की ते घसा खाकरायचे, तसे खाकरले. त्यांनी पहिली जुडी उचलली आणि सगळे लाभ ऐकायच्या तयारीत थांबले. बाबांनी नातीकडे एकदा बघितलं, पायातली जाड चप्पल जमिनीवर धप्पकन आपटली आणि जुडी टेम्पोत टाकली.

''दोन,'' दुसरी जुडी उचलत ते म्हणाले.

पोरगी टाळ्या पिटायला लागली. शेडबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी धाकधुकीतच सायकल काढली. खताच्या गोण्या बाहेर कडुलिंबाखाली ताडपत्री घालून रचलेल्या होत्या. शेड झाडलेली होती आणि गेरूचे चौकोन जागच्या जागी होते.

त्या शेडमध्ये मी पुढे बरीच वर्षं बालवाडी चालवली. कोणी विचारलं तर आजही ठामपणे सांगते, की एकाला एकच म्हणावं. पण आता घरी नातवंडांसाठी डबा घेऊन बसले की पहिल्या ठोक्याला माझंच तोंड मिटतं, आणि आम्ही सगळे दोनपासून सुरू करतो.