मधल्या क्षणात बदललेलं पान

ऑफिसमधून बिबवेवाडीला घरी आलोय, पण जेवणाचं ताट बाजूला सारून हे लिहितोय.

आमचं काम म्हणजे चालू सर्व्हरची मेमरी दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं. कॉपी सुरू असताना मेमरीचं एखादं पान, म्हणजे तिचा छोटा तुकडा, बदललं, की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यावर खूण करतो आणि आम्ही ते पुन्हा कॉपी करतो.

माझा कोड आधी पान कॉपी करायचा, मग खूण पुसायचा. बऱ्याच वर्षांच्या गॅपनंतर नोकरीत परतलेल्या सुजाता मॅडमनी गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये विचारलं, "आधी खूण पुसायला नको का? या दोन्हींच्या मध्ये पान बदललं तर?"

मी म्हणालो, "अहो, आपण घरी होतात तेव्हाही हा कोड चालतच होता."

सगळे हसले. मीही.

आज एका क्लायंटचा डेटा करप्ट झाला. कारण नेमकं तेच निघालं. मध्येच झालेल्या बदलाची खूण माझ्याच कोडनं पुसली होती, त्यामुळे ते पान पुन्हा कॉपी झालंच नाही.

दुपारी त्यांच्या डेस्कपाशी जाऊन माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अशीच चूक अजून दोन ठिकाणी दिसली होती मला. पण त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं."

तुमच्या मीटिंगमध्ये हल्ली कोण गप्प असतं? आणि त्याआधी तुम्ही काय बोलला होतात?