दिराने दिलेला ढाळ

माझा धाकटा दीर फरशा बसवतो. काम चोख, यात वाद नाही. पण चोख माणूस घरात असणं काय असतं ते मला विचारा. त्याने केलेल्या मोरीत पाणी टाकलं की ते सरळ जाळीकडे पळतं. त्याचा एवढा तोरा, की पाहुण्याला चहाआधी मोरी दाखवायची, तांब्याभर पाणी ओतून. जाऊ कपाळाला हात लावते.

घरामागच्या उतारावर आमची सामाईक जमीन आहे. नवरा गेल्यापासून तिथली भाजी विकूनच मी पोट भरलं, मुलीचं लग्न केलं. सासऱ्यांनी उताराला आडवे दगडी बांध घातले होते, वेडेवाकडे, गवताने भरलेले. पाणी प्रत्येक बांधाशी अडायचं, मुरायचं, मग खाली उतरायचं. दिराला ते बघवायचं नाही.

"वहिनी, पाणी साचतंय. साचलं म्हणजे काम बिघडलं."

"ही मोरी नाही, भावोजी."

"पाणी सगळीकडे पाणीच."

मुलीच्या बाळंतपणाला मी तिच्याकडे जाऊन राहिले. परत येते तर बांध गायब! दगड कोपऱ्यात आकाराप्रमाणे रचलेले, गवत मुळासकट उपटलेलं, आणि वरपासून खालपर्यंत दोरी लावून मातीला झकास ढाळ दिलेला.

"कसं मोकळं वाटतंय बघा," तो म्हणाला. वर शाबासकीची वाट बघत उभा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी एकटीने दगड परत लावायला घेतले. जेमतेम अर्धा बांध झाला.

आधी वारा सुटला. धरून ठेवायला मुळं नाहीत, ओल नाही. वरची बारीक, कसदार माती तेवढी उडाली. ताटात माती, उशीवर माती. जाऊबाई माझ्यावरच डाफरल्या, "तुमच्या जमिनीने घर भरलं!" स्वतःच्या नवऱ्याला मात्र अवाक्षर नाही.

मग पाऊस कोसळला. उघड्या मातीवर थेंब आपटायचे आणि तिचे कण उडवायचे. बोटभर ओघळ झाले, ते एकमेकांना मिळून हातभर झाले, आणि बघता बघता माणूस उभा मावेल अशी घळ पडली. माझी माती गढूळ पाणी होऊन रस्त्यावरून गटारात चालली होती. माझा अर्धा बांधही गेला. दीर शेजारी भिजत उभा होता, चेहरा फुललेला.

"पाहिलंत वहिनी? एक थेंब थांबला नाही!"

उघडीप झाल्यावर आम्ही दोघं वर गेलो. मधोमध नुसता कातळ. मी टोपली घेऊन कडेची उरलीसुरली माती गोळा करायला वाकले. तो उकिडवा बसला आणि त्याने तळव्याने कातळ पुसला.

"दगड चांगला लागलाय हो. पॉलिश छान येईल."

हातातली टोपली मी त्याच्या डोक्यात घातली. एकदा नाही, मोडेपर्यंत. जाऊ ओरडत आली, पण मला जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तेवढी माती पुन्हा तयार व्हायला माझ्या नातवाचंही आयुष्य पुरणार नाही. पोटासाठी मी आता लोकांच्या घरच्या लाद्या पुसते. त्यातल्या दोन घरी दिरानेच शब्द टाकला, आणि तो समजतो की आमचं मिटलं.